खाणीचा खड्डा किती खोल न्यायचा हे अल्गोरिदमने ठरवावं का?

नदीपलीकडे
मंडळी, मी आयटीवाली, खाणीतलं शिक्षण शून्य, फक्त माहेर गोव्यातल्या डिचोलीचं असल्यामुळे धूळ भरपूर खाल्लीये. माझा मावसभाऊ मायनिंग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने प्रोजेक्टला ओपन पिटचं, म्हणजे उघड्या खड्ड्याच्या खाणीचं, प्लॅनिंग घेतलंय आणि कोड तपासायला माझ्या गळ्यात मारलाय.

मला जे कळलं ते असं. जमिनीखालचा सगळा भाग ठोकळ्यांत वाटायचा. बोअरहोलच्या सँपलवरून प्रत्येक ठोकळ्यात लोह किती टक्के असेल याचा अंदाज बांधायचा आणि ठोकळ्याची किंमत काढायची, म्हणजे विकून येणारे पैसे वजा खणायचा, धुवायचा, वाहून न्यायचा खर्च. नुसत्या मातीचा ठोकळा अर्थातच उणे. खालचा ठोकळा हवा तर वरचे आणि आजूबाजूचे आधी काढायला लागतात नाहीतर भिंत अंगावर येईल. आता या अटी पाळून असे ठोकळे निवडायचे की बेरीज जास्तीत जास्त. यासाठी लर्च आणि ग्रॉसमन यांचा १९६५ सालचा अल्गोरिदम आहे, आणि गंमत म्हणजे तो जवळपासचं उत्तर देत नाही, याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही असं सिद्ध करता येतं.

कोड चालतोय, चित्र झकास येतंय. पण मला दोन शंका. एक, प्रत्यक्षात खाणीवर हे कुणी वापरतं का, की जुन्या फोरमनची नजरच चालते? दोन, गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे खड्ड्याच्या काठावर देऊळ, शेत आणि घरं आहेत, तिथे "सर्वोत्तम" खड्डा म्हणजे नेमका कुणासाठी?

काजूबोंडू
पहिला! बाकी उद्या वाचतो.

मिनकट
वा, माझ्या आवडीचा विषय. मी खाणवाला नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे ग्राफ थिअरीत शिकवतात. ठोकळे म्हणजे बिंदू, "याच्याआधी तो काढायला हवा" म्हणजे बाण. एकदा असं मांडलं की पिकार्डने १९७६ साली दाखवल्याप्रमाणे हा सरळ मिनिमम कटचा प्रश्न होतो, म्हणजे नेटवर्कमधून जास्तीत जास्त प्रवाह काढायचा तोच. पुढे होखबाउम बाईंचा स्यूडोफ्लो आला, तो इतका वेगवान आहे की लाखो ठोकळ्यांनाही दमत नाही. भावाला पायथनमध्ये ओआर-टूल्स या तयार लायब्ररीतला मॅक्सफ्लो वापरायला सांगा, स्वतः लर्च-ग्रॉसमन लिहीत बसू नका.

याच्याआधी लोक तरंगता शंकू वापरायचे. एक चांगला ठोकळा धरायचा, त्याच्यावरचा उलटा शंकू मोजायचा, फायदा असेल तर काढायचा, मग पुढचा. दिसायला बरोबर, पण फसतो. समजा खनिजाचे दोन ठोकळे आहेत, प्रत्येकी ५ चा फायदा. प्रत्येकावर मातीचे ७ ठोकळे, प्रत्येकी १ खर्च. एकेकटा बघितला तर ५ वजा ७, तोटा, सोडून द्या. पण त्या सातांपैकी ६ दोघांना सामाईक असतील तर दोन्ही मिळून माती फक्त ८, आणि खनिज १०. दोनाचा फायदा. शंकूवाला हा खड्डा कधीच खणणार नाही.

चौथा_बेंच
@नदीपलीकडे, उभा जन्म खाणीत गेला, आधी सांगे-धारबांदोड्याच्या बाजूला, २०१२ ला गोव्यात खाणबंदी आल्यावर ओरिसात. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर: हो, वापरतात, आणि बऱ्याच वर्षांपासून. व्हिटल नावाचं सॉफ्टवेअर याच अल्गोरिदमवर उभं राहिलं. सरपॅक, डेटामाइन, सगळ्यांत हे आता असतंच.

पण कुणीही एकच खड्डा काढून थांबत नाही. भाव मुद्दाम पाडून, समजा खऱ्या भावाच्या ३० टक्के, ४० टक्के, असं करत १०० च्याही पुढे नेत एकेक खड्डा काढतात. कमी भावाला छोटा खड्डा येतो, वाढत्या भावाला त्याला पोटात घेणारा मोठा. आतला सर्वात छोटा म्हणजे सगळ्यात चरबीवाला माल, तिथून सुरुवात करायची. त्यावरून टप्पे ठरतात. फोरमनची नजर यानंतर लागते, रस्ता कुठून उतरवायचा, एक्सकॅव्हेटर कुठे उभा राहील, कारण अल्गोरिदमच्या खड्ड्यात रॅम्पच नसतो. रॅम्प घातला की भिंत बाहेर सरकते आणि मातीचं प्रमाण वाढतं.

आणि गोव्यापुरतं सांगायचं तर अल्गोरिदमच्या आधी खड्डा ठरवायची लीजची हद्द. पोर्तुगीज काळातली कन्सेशनं, १०० हेक्टरच्या आतली, एकमेकांना चिकटून. हद्दीपासून साडेसात मीटर सोडायचे, शेजाऱ्याने पण साडेसात सोडायचे, आणि दोघांच्या भिंतींचा उतार त्याच्या आत. मिनकटनी दोन ठोकळ्यांचं जे उदाहरण दिलंय ना, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मधल्या पट्ट्यात चांगला माल, इकडच्याला एकट्याला परवडत नाही, तिकडच्यालाही नाही. अल्गोरिदम काय करणार, त्याला हद्द दिली की तो हद्दीतच विचार करतो.

टिप्परमामा
मग आता लिलावात जुनी लीजं एकत्र करून मोठे ब्लॉक केले ते बरंच झालं म्हणायचं.

चौथा_बेंच
खणण्याच्या हिशोबाने बरंच. डिचोलीचा पहिला ब्लॉक ४७८ हेक्टरचा आहे. मधल्या भिंती गेल्या की तोच अल्गोरिदम वेगळं उत्तर देतो. गावाच्या हिशोबाने बरं की वाईट ते गाववाल्यांना विचारा.

मरडशेत
विचारलंत म्हणून सांगतो. मी अशाच एका खड्ड्याच्या खालच्या अंगाला राहतो. खाणीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून ओहोळात सोडायचे, ओहोळातून गाळ शेतात. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ दाखवायच्या. तुमच्या ठोकळ्याच्या किमतीत विहीर कुठे आहे? मातीच्या ठोकळ्याला एक रुपया खर्च लिहिलात, शेतात गेलेल्या गाळाला किती लिहिता?

हे बाईंच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर समजा. सर्वोत्तम, पात्रांवासाठी, म्हणजे खाणमालकासाठी.

काजूबोंडू
+१००. बाकी धागा गंभीर होतोय, मी सोलकढी घेऊन बसतो.

मिनकट
@मरडशेत, तुमचा राग योग्य जागी आहे पण अल्गोरिदमवर काढू नका. विहिरीचा खर्च ठोकळ्यात लिहिला तर तो इमानदारीने धरेल. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक ठोकळ्यावर उपशाचा, टँकरचा, नुकसानभरपाईचा खर्च टाका, खड्डा आपोआप उथळ येईल. देवळाभोवती अमुक मीटर हात लावायचा नाही असं सांगितलं तर लावणार नाही. लिहिणारा लिहीत नाही हा त्याचा दोष.

मरडशेत
लिहिणाऱ्याचा पगार कोण देतो?

रायवळ
बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणूनच शेवटी अटी बाहेरून आल्या. सुप्रीम कोर्टाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि लीजच्या बाहेर माती टाकायला मनाई केली. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द, १६ मार्चपासून सगळं बंद. प्लॅनिंगच्या भाषेत या नवीन अटीच झाल्या.

माती बाहेर टाकायची नाही ही अट तर गोव्यासाठी सगळ्यात जड. इथे एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती निघते. ती १०० हेक्टरच्या लीजमध्ये ठेवणार कुठे? डंप, म्हणजे मातीचा ढीग, जिथे उभा करणार त्याच्या खाली माल असू शकतो.

चौथा_बेंच
हाच खरा किचकट भाग. अल्टिमेट पिट, म्हणजे शेवटी खड्डा केवढा, हा सोपा प्रश्न, सेकंदात सुटतो. कुठला ठोकळा कुठल्या वर्षी, म्हणजे शेड्यूलिंग, हा अवघड. भावाला विचारा शेड्यूलिंग केलंय का.

नदीपलीकडे
केलंय म्हणतो पण मला वाटतं नुसते आतले-बाहेरचे खड्डे ओळीने लावलेत. शेड्यूलिंग इतकं का अवघड आहे? तेच ठोकळे, फक्त वर्षाचा आकडा लावायचा ना?

मिनकट
तिथेच मेख आहे. १ लाख ठोकळे, १० वर्षं, म्हणजे १० लाख हो-नाही प्रश्न. वर प्रत्येक वर्षी ट्रकची क्षमता, प्लांटची क्षमता, मालाचा सरासरी ग्रेड, म्हणजे लोहाची टक्केवारी. या वार्षिक मर्यादा आल्या की मिनिमम कटची सोपी रचना मोडते आणि प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढायची कुठलीच रीत माहीत नाही असा. जॉन्सनने १९६८ मध्येच हे लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये मांडलं होतं, पण तेव्हाच्या मशीनवर सोडवणार कसं. मोठी उडी २०१० च्या सुमारास बिनस्टॉक आणि झुकरबर्ग (तो नव्हे, दुसरा) यांच्या पद्धतीने आली, अपूर्णांक चालतील असं धरून मोठे प्रश्न सोडवायचे आणि मग उत्तर पूर्णांकात बसवायचं. जेनेटिक अल्गोरिदम, सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग वगैरे चाचपडत शोधणाऱ्या पद्धतीही लोक लावतात, पण त्या सर्वोत्तमापासून किती लांब आहेत हे स्वतः सांगू शकत नाहीत. भावाला स्वतःचा कोड तपासायचा असेल तर माइनलिब नावाचा नमुना प्रश्नांचा खुला संच आहे, त्यातला न्यूमन१ फक्त १,०६० ठोकळ्यांचा आहे, लॅपटॉपवर आरामात.

काजूबोंडू
झुकरबर्ग खाण पण खणतो? आमचा डेटा खणून पोट भरलं नाही का?

चौथा_बेंच
आता त्या शेड्यूलिंगमधली एक गोष्ट मरडशेत यांच्यासाठी. शेड्यूलिंगचं लक्ष्य असतं आजच्या मोलाने जास्तीत जास्त फायदा. १० टक्के व्याजदराने १० वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज ३८-३९ रुपयांचे, २० वर्षांनंतरचे १०० रुपये १५ चे. म्हणून मॉडेल काय करतं, चांगला माल पुढे ओढतं आणि खर्च मागे ढकलतं. इथपर्यंत ठीक. पण सगळ्यात मागे ढकलण्यासारखा खर्च कुठला? खड्डा भरणं. २० वर्षांनी करायचं काम मॉडेलला १५ रुपयांना दिसतं, म्हणून ते शेवटच्या वर्षात टाकलं जातं. आणि शेवटचं वर्ष गोव्यात कुणाचंच ठरल्या दिवशी आलं नाही, २०१२ ला आलं, परत २०१८ ला आलं. खड्डे उघडेच. बदमाषी असेलही कुठे, पण बदमाषी नसतानाही हे गणितातूनच बाहेर पडतं.

मरडशेत
हे इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. देव बरे करू. मग उपाय?

चौथा_बेंच
दोन आहेत. पहिला सोपा: मातीचा ठोकळा ज्या वर्षी काढला त्याच वर्षी तो परत भरायचा खर्च त्याच्या नावावर लावायचा. मग डिस्काउंटची पळवाट राहत नाही, आणि मुळात खड्डाही थोडा आखडतो कारण माती महाग झाली.

दुसरा अवघड पण खरा: खड्डा खणता खणता भरायचा. त्यासाठी एका टोकाला तळापर्यंत जाऊन माल संपवायचा आणि पुढे सरकत नवीन माती मागच्या रिकाम्या जागेत टाकायची. पण वर सांगितलेले एकात एक खड्डे चारी बाजूंनी पसरत जातात, तळ शेवटपर्यंत कामातच राहतो, भरायला जागाच मोकळी होत नाही. म्हणजे टप्पे लांबीच्या दिशेने पाडायला हवेत, फायदा थोडा कमी येतो, पण बाहेर डंप नको आणि माती दोनदा उचलायला नको. त्यात आणखी कायदा: ४५ टक्क्यांच्या वर लोह असलेला माल गाडून टाकता येत नाही, वेगळा साठवायला लागतो. म्हणून भरायच्या आधी खाली काही उरलं नाही हे दाखवा, प्लॅनला आयबीएमची मंजुरी घ्या.

काजूबोंडू
कम्प्युटरवाली आयबीएम का?

चौथा_बेंच
नागपूरवाली. भारतीय खाण ब्यूरो.

टिप्परमामा
मी शिकलेला नाही पण धागा वाचून एक विचारतो. हे सगळं खड्ड्याच्या आतलं झालं. खड्ड्याच्या बाहेरचं? माझी गाडी होती, १० टनी. खाणीच्या प्लॅनमध्ये वर्षाला अमुक लाख टन लिहिलेले असायचे, पण ते रस्त्यावरून जाणार कसे हे कुणी मोजलेलं नसायचं. सावर्डे-कुडचड्याला तेव्हा रांग लागायची ती अजून डोळ्यांपुढे आहे, शाळेची पोरं त्यातूनच. जेटीवर गेलं तर बार्ज नाही, बार्ज आली तर भरती नाही. पावसात मांडवीचं तोंड बंद, आग्वादला वाळूचा बार येतो, मग बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत न्यायच्या आणि तिथून मुरगाव. खड्ड्यातून माल लवकर काढून उपयोग काय, प्लॉटवर पडून राहायचा.

२०१२ ला बंद झालं तेव्हा हप्ते चालू होते. ते दुःख इथे नको, वेगळा धागा काढू.

मिनकट
मामा, तुम्ही जे सांगितलंत त्याला खाण ते बंदर एकत्रित ऑप्टिमायझेशन म्हणतात आणि मोठ्या कंपन्यांत त्यावर माणसं बसलेली असतात. साखळीतला सगळ्यात अरुंद भाग रस्ता असेल तर खड्ड्याचं शेड्यूल रस्त्याच्या मापाने व्हायला हवं. रस्त्यावर दिवसाला इतक्याच फेऱ्या ही एक ओळ, इतकीच अट.

टिप्परमामा
एक ओळ लिहायला सोपी हो. गावात ती ओळ लिहायला रस्ता अडवायला लागतो.

रायवळ
पावसावरून आठवलं, वर्षाचे कप्पे धरून शेड्यूल केलं तर जून ते सप्टेंबर गायबच होतात. इथे वर्षाला ३,००० मिलीमीटर आणि आत सत्तरीकडे त्याहून जास्त पाऊस. तळाचे बेंच, म्हणजे खड्ड्यातल्या पायऱ्या, तेव्हा तळीच असतात.

चौथा_बेंच
म्हणून कप्पे महिन्यांचे किंवा निदान दोन ऋतूंचे करायचे. पावसात वरच्या बेंचवर माती काढायची, तळ पाण्याला सोडायचा, ऑक्टोबरनंतर उपसा करून खाली उतरायचं. जुने मॅनेजर हे न सांगता करायचे. बाहेरच्या कन्सल्टंटने केलेला प्लॅन मी बघितलाय, ज्यात जुलैत तळाच्या बेंचवरून माल निघत होता. रंगीत छापून आला होता.

शिंपी_पणजी
उशिरा आलो. सगळे ठोकळ्याच्या किमतीवर बोलताय, पण ती किंमत येते कुठून? भाव. २०११ ला लोहखनिज टनाला १८० डॉलरच्या वर होतं, २०१५ च्या डिसेंबरात ४० च्या खाली. तेही ६२ टक्केवाल्या मालाचं, आपला ५८ च्या खालचा. मे २०२२ मध्ये ५८ च्या खालच्या मालावरही ५० टक्के निर्यात शुल्क बसलं, नोव्हेंबरात काढलं. म्हणजे सहा महिन्यांत खड्डा एकदा छोटा झाला आणि एकदा मोठा. आणि हे अल्गोरिदम महाशय सिद्ध झालेलं सर्वोत्तम उत्तर देणार?

शिवाय लिलावाचा प्रीमियम, म्हणजे मालाच्या भावातला सरकारला द्यायचा टक्का. डिचोलीच्या ब्लॉकला ६३ टक्क्यांच्या वर बोली गेली, काही ब्लॉकना ९० च्या वर. वर रॉयल्टी १५ टक्के. ९० अधिक १५, घाला मॉडेलमध्ये.

काजूबोंडू
घातले. उत्तर आलं: खणू नका, मासे धरा.

मिनकट
हसू नका, खरंच तेच येईल. प्रत्येक ठोकळा उणे, सर्वोत्तम खड्डा रिकामा.

चौथा_बेंच
थांबा. प्रीमियम काढतात आयबीएमच्या सरासरी विक्री भावावर. तुम्हाला प्रत्यक्षात मिळणारा भाव त्याहून जास्त असू शकतो, किंवा माल विकायचाच नाही, स्वतःच्या भट्टीत घालायचा. आमोण्याला पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) कारखाना आहेच ना. मग ठोकळ्याची किंमत खनिजाची न राहता पिग आयर्नच्या हिशोबाने धरायची. तरी पण इतक्या वरच्या बोलीचा एक परिणाम गणितातून दिसतोच: प्रीमियम भावातून टक्क्याने जातो पण खणायचा खर्च टनामागे तेवढाच राहतो, म्हणून कमी ग्रेडचा माल आधी परवडेनासा होतो. माणूस वरवरचा चांगला माल काढणार आणि बाकी सोडणार. ज्या खनिजाची नासाडी होऊ नये म्हणून सगळे नियम, तेच मागे राहणार.

शिंपी, भावाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण त्यावरून अल्गोरिदम टाकाऊ ठरत नाही. त्याला एकच भाव देऊन एकच खड्डा घेणं टाकाऊ. ग्रेडच्या अंदाजाचंही तेच. क्रिगिंगने, म्हणजे आजूबाजूच्या सँपलची भारित सरासरी घेऊन, काढलेला अंदाज गुळगुळीत असतो, खरी जमीन तशी नसते, म्हणून एकाच जमिनीची अनेक संभाव्य रूपं तयार करून सगळ्यांत टिकेल असं शेड्यूल शोधतात.

शिंपी_पणजी
टिकेल असं म्हणजे कमी फायद्याचं. मालक ऐकेल?

चौथा_बेंच
२०१२ आणि २०१८ बघितलेला ऐकेल. नवीन आलेला नाही ऐकणार.

नदीपलीकडे
बापरे, दोन दिवस ऑफिसात होते तर इतकं. सगळ्यांचे आभार, भावाला धागा पाठवला. त्याने लगेच एक केलं, मातीच्या ठोकळ्यावर परत भरायचा खर्च लावून चालवलं. खड्डा आखडला, तळाचे दोन बेंच गेले. तीन वेगवेगळे भाव घालून पण बघितलं, तिन्हीत जो मधला भाग येतो तो वेगळ्या रंगात दाखवणार म्हणतो. मरडशेत, पाण्याच्या पातळीचा आकडा त्याच्याकडे नाही, तुमच्या भागातल्या विहिरींची उन्हाळ्यातली खोली मिळेल का?

मरडशेत
आमच्या वाड्यावरच्या देतो. एप्रिल-मेमधल्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चौथा_बेंच
एक विचारायचं राहिलं. ठोकळ्याचं माप काय घेतलंय, आणि वरचे कुठले ठोकळे आधी काढायचे ते कसं ठरवलंय?

नदीपलीकडे
१० बाय १० आणि उंची ५ मीटर. थेट वरचा एक आणि त्याच्या चार बाजूंचे चार, असे पाच. भिंतीचा कोन ४५ अंश आहे असं रिपोर्टात लिहिलंय.

चौथा_बेंच
मग तो ४५ नाही. ५ मीटर वर जायला १० मीटर बाजूला सरकतोय, साधारण २७ अंश झाला. पाच ठोकळ्यांचं ४५ ला येतं ते ठोकळा घनाकृती असेल तर. गरजेपेक्षा कितीतरी जास्त माती मोजतोय पोरगा, म्हणून तळ इतक्या लवकर गेला असणार. वरचा जांभा ताठ उभा राहतो, खालची चिकण माती नाही राहत, तेव्हा दोन्ही थरांना वेगवेगळा कोन द्यायला सांगा आणि एका लेव्हलपेक्षा जास्त वरचे ठोकळे तपासून अटी बनवायला सांगा. मग परत चालवून इथे टाका.

नदीपलीकडे
आत्ताच फोन केला. "परवा सबमिशन आहे" म्हणाला आणि ठेवला.

काजूबोंडू
शेड्यूलिंग अवघड असतं हे मिनकट वर सांगून गेलेत.